शेऱ्याचा रकाना

अपूर्वाने चहा अर्धा ठेवला तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमच्या घरचा चहा अर्धा ठेवणारी माणसं दोन प्रकारची असतात, मधुमेहाची आणि वाईट बातमीची, आणि अपूर्वा ही अठ्ठावीस वर्षांची, रोज सकाळी भाट्याच्या पुलापर्यंत पळत जाणारी काटक मुलगी आहे. खाड्यांचा अभ्यास करणाऱ्या ज्या लहानशा केंद्रातून मी निवृत्त झालो तिथे ती आता पीएचडी करते, आणि तिचा विषय मी आहे. म्हणजे माझा विराम. "सर, तुमचा विराम सापडला," ती म्हणाली. मी म्हटलं, "हरवला कधी होता?" माझी बायको उल्का आतून हसली. अपूर्वा हसली नाही. भरती रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण तास उशिरा येते हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी मात्र ती वर्षातून सहा-सात वेळा उशीर करायला विसरते, काल आली त्याच वेळेला आजही येते, आणि बारा-तेरा वेळा एकदम दीड तासाची उडी मारते, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. दोन हजार चार साली मी ते इंग्रजीत छापलं. तोंडाशी साचलेली वाळू, नदीचं पाणी, वारा असं काय काय जुळवून कारणही दिलं. नॉर्वेतल्या एका प्राध्यापकाने त्याचं नाव 'परचुरे विराम' ठेवलं. लोकांच्या नावाचे चौक होतात, माझ्या नावाने समुद्र थांबला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेलं विज्ञान म्हणायचं तर तेवढंच.

"कुठे सापडला?" मी विचारलं. "आमच्या स्वयंपाकघरात," अपूर्वा म्हणाली. "कॅलेंडरवर. गेल्या महिन्यात एकादशी दोन दिवस होती. उपास कधीचा धरायचा म्हणून आई वैतागली होती." "दोन्ही दिवस धरायचा," उल्का आतून म्हणाली, "परचुऱ्यांकडे तसंच आहे." "तेव्हा सहज डोक्यात आलं, सर. तीच तिथी दोन दिवस. तीच वेळ दोन दिवस. मग जुनी पंचांगं मिळवली. तुमचे सगळे विराम वृद्धी तिथीचे आहेत. उड्या सगळ्या क्षय तिथीच्या, मधली एक तिथी गळते तिथल्या. एकोणीस वर्षांत एकही चुकलेला नाही." बुडणारा माणूस ओंडका धरतो तसा मी चंद्र धरला. म्हटलं, "तिथी चंद्राची, भरती चंद्राची. संबंध असणारच." तिने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला तिचा राग आला. "सर, सूर्य उगवताना जी तिथी असेल ती दिवसाची तिथी, ही माणसांची सोय आहे. समुद्राला ती कोण सांगणार? भरती कोणी बघितलीच नाही. तिथीला पाऊणने गुणलं आणि दोन-चार मिनिटं इकडेतिकडे केली." चतुर्थीला तीन वाजता भरती, दशमीला साडेसातला; आमच्या किनाऱ्यावर जुनी माणसं हा हिशेब झोपेतही करतात. माझी आईही करायची. मी केला नव्हता, कारण मी शास्त्रज्ञ होतो. "नोव्हेंबर त्र्याण्णवपर्यंतच्या नोंदी मात्र खऱ्या आहेत," अपूर्वा म्हणाली. "ओबडधोबड, खऱ्यासारख्या. त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात काय झालं होतं? घड्याळ बदललं? माणूस बदलला?" मी म्हटलं, "आठवावं लागेल." मग तिने ज्यासाठी चहा अर्धा ठेवला होता ते सांगितलं. सोमवारी तिचा निबंध पाठवायचा होता. त्यासोबत माझं पत्र जोडलं, नोंदींचं काय झालं ते मीच माझ्या शब्दांत लिहिलं, तर बरं दिसेल. नाहीतर तिला एकटीने लिहावं लागेल. "आणि ते मला नको आहे, सर. तुमच्या कथा वाचून मी मोठी झालेय." ती गेल्यावर उल्काने कप उचलला आणि विचारलं, "काय आठवायचंय?" मी म्हटलं, "काही नाही." खरं तर अपूर्वा विचारत होती तेव्हाच आठवलं होतं. त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात दिवाळी होती.

दिवाळी म्हणजे माझ्याकडे अंक. दिवसा मी डॉक्टर श्याम परचुरे असायचो आणि उरलेल्या वेळात ओहोटीकर. या नावाने मी तीस वर्षं विनोदी कथा लिहिल्या, आणि हे दोन गृहस्थ एकाच घरात, एकाच चष्म्यावर कसे राहतात याचं लोकांना कौतुक होतं. मला भाषणाला बोलवायचे तेव्हा विषय हमखास 'विज्ञान आणि साहित्य: एक तोल' असा असायचा. आमचे संचालक माझा अहवाल वाचून म्हणायचे, परचुरे, तुम्ही गंमत छान लिहिता. साहित्यिक म्हणायचे, शास्त्रज्ञ असूनही बरं लिहितात. दोन्हीकडून अर्धा-अर्धा नमस्कार मिळत असला की माणसाला आपण पूर्ण आहोत असं वाटायला लागतं. तोल कसा साधला म्हणून विचारलं की मी म्हणायचो, सकाळी समुद्र मोजतो, संध्याकाळी माणसं. टाळ्या पडायच्या. प्रत्यक्षात समुद्र काशीराम मोजायचा. दाभोळच्या जेटीवर एक रंगवलेला खांब होता. तिथे रोज उभं राहून भरती कधी पुरी झाली आणि पाणी कितव्या रेघेवर होतं ते वहीत लिहायचं, हे त्याचं काम. शहाऐंशी साली मी त्याला नेमलं तेव्हा तो माझ्याच वयाचा, बत्तीसचा होता. दाभोळमागच्या डोंगरातल्या एका वाडीतला, शेतकरी घरातला. भाऊ मुंबईला गिरणीत आणि हा इथे, समुद्राकडे पाहण्याच्या सरकारी नोकरीत. मी महिन्यातून दोनदा जायचो, वही तपासायचो, आणि मग आम्ही जेटीवर बसायचो. तो बोलायचा, मी ऐकायचो. शास्त्रज्ञ ऐकत नव्हता.

त्या वर्षी अंकाची मुदत डोक्यावर आली होती आणि काही सुचत नव्हतं. मग मी गंगाराम नावाचा एक शिपाई लिहिला. काशीरामाचा गंगाराम, माझी कल्पनाशक्ती त्या काळी अशी भरारी घ्यायची. त्याच्यासारखंच तपकिरीचं डबडं, त्याच्यासारखंच वाक्य संपवताना आकाशाकडे बघणं, मुहूर्त बघून शिंकणं. पण एवढ्याने कथा होत नाही, म्हणून मी एक गोष्ट पदरची घातली. गंगाराम जेटीवर जातच नाही, ओटीवर बसून पंचांगातल्या तिथीची पाऊणपट करतो आणि वही भरतो. शेवटी साहेब तपासणीला येतात, गंगाराम छाती काढून त्यांना ओहोटी दाखवायला नेतो आणि शेवाळावरून घसरून ऐन भरतीत पडतो. लोक इतके हसले की तीन वाचकांनी ठसका लागल्याचं पत्राने कळवलं. त्या कथेत तेवढं एकच खोटं होतं. काशीराम पावसाळ्यात डोक्यावर इरलं घेऊन, तापात कानाला मफलर बांधून, पोरगा झाला त्या दिवशीही जेटीवर उभा होता. मी पाहिलं होतं. आणि आता एकतीस वर्षांनी अपूर्वा सांगत होती की त्याच महिन्यापासून काशीरामाने गंगारामाचं काम सुरू केलं. माझीच युक्ती, माझ्याच कथेतून उचलून, माझ्याच विज्ञानात घातली, आणि मी तिच्यावर माझं नाव लावून नॉर्वेला पाठवली.

दुपारी मी पडलो पण झोप लागली नाही. पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला एक वर्ष परत येत होतं. मला फसवलं. हा शब्द मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, कडू लागला आणि जरा बरंही वाटलं. ज्याला मी 'आमचा काशीराम' म्हणत आलो, ज्याच्या निरोपाच्या समारंभात 'विज्ञानाचा निःशब्द सेवक' असं बोलून मी स्वतःच गहिवरलो, तो समोर हात जोडून उभा होता आणि आतून हसत असणार. पण वेळांपेक्षाही जास्त टोचत होता तो शेऱ्याचा रकाना. वहीत उजवीकडे शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. त्र्याण्णवपर्यंत त्यात तो 'काही नाही' एवढंच लिहायचा. नंतर मात्र लिहू लागला. 'आज पाणी गप्प.' 'बगळा एका पायावर साहेबांसारखा.' 'लाट आली पण मन नव्हतं.' दर महिन्याला वही पोस्टाने यायची आणि मी वेळा नंतर बघायचो, आधी शेरे. मला वाटायचं, माझी कथा वाचून त्याला साहित्याची गोडी लागली. मला त्याचा अभिमान वाटायचा. आणि मग ते शेरे माझ्या कथांमध्ये जायचे. 'आज पाणी गप्प' हे तर माझ्या एका बक्षीसपात्र कथेचं शेवटचं वाक्य आहे. परीक्षकांनी तेवढ्यासाठी 'शास्त्रज्ञाची सूक्ष्म निरीक्षणशक्ती' असे शब्द वापरले होते. ते पाणी कोणी पाहिलंच नव्हतं. तो ओटीवर बसून लिहीत होता. म्हणजे एकोणीस वर्षं आमच्या केंद्रात एक लेखक होता आणि तो मी नव्हतो. संध्याकाळी उठून मी पत्राचा मसुदा केला. एका वाक्यात काम झालं: 'निरीक्षकाच्या अप्रामाणिकपणामुळे १९९३ नंतरच्या नोंदी व त्यांवर आधारित निष्कर्ष मागे घेण्यात येत आहेत.' भाषा थंड होती, सरकारी होती, तिच्यात मी कुठेच नव्हतो. उल्काने वाचलं आणि म्हणाली, "निरीक्षक म्हणजे काशीरामच ना?" मी म्हटलं, "हो." "म्हणजे दुसऱ्यांदा त्यालाच," ती म्हणाली आणि दिवा लावायला गेली.

सकाळी गुहागरची एसटी धरली. काशीरामाच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच मी स्वतःला सांगत होतो; कबुली घेतली की मसुदा पक्का करायचा. खिशात मसुदा, पिशवीत जुनी कोरी वही, का घेतली ते माहीत नाही. गाडीत माझ्या शेजारी आंब्याची कलमं पायांत घेऊन बसलेले गृहस्थ सारखे म्हणत होते, "जरा पाय सांभाळा हां, केसरला लागेल," आणि मी अंग चोरून बसलो होतो. या रस्त्याने मी शेवटचा कधी आलो होतो? निरोपाच्या समारंभालाही काशीरामच रत्नागिरीला आला होता. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर महिन्यातून दोनदाचं 'पुढच्या महिन्यात' झालं, मग 'पुढच्या तिमाहीत', मग पोस्ट. मी कारणं सांगायचो, आणि कारणं खरी होती. जीप नसायची, अहवाल असायचे, ओहोटीकराची मागणी वाढली होती. तोल साधायचा म्हणजे काहीतरी सोडावं लागतं, असं मी भाषणात म्हणायचोच. धोपाव्याला फेरीबोटीत चढल्यावर खाडीचा वास आला, चिखल, डिझेल आणि सुकत घातलेली मासळी यांचा, आणि त्या वासाबरोबर एक गोष्ट अशी सरळ वर आली की मी कठडा धरला. जीप नसायची म्हणून मी येत नव्हतो असं नाही. काशीरामाने ती कथा वाचली असेल तर त्याच्या तोंडाकडे कसं बघायचं, म्हणून मी येत नव्हतो.

दारात सगुणा उभी होती, काशीरामाची बायको. मी ओळख सांगू लागलो तर म्हणाली, "वळखलाय की. तुमीच मना वळखलात नाय. गंगारामाची बायको मी." मी चपला काढल्या. "तुमी माज्या पायात पैंजण घातलंत आनी तोंडात शिव्या," ती शांतपणे म्हणाली, "दोनी माज्याकडं कदी नव्हती. बसा, घावणं टाकते." काशीराम मागच्या पडवीतून आला. वाळला होता, डोळे तसेच, आणि हातात ते डबडं. "बरा झाला आलात, साहेब," तो म्हणाला. "उशीर केलात जरा." मी घरून जुळवून आणलेलं वाक्य काढलं. "काशीराम, तू पंचांग बघून वही भरत होतास. एकोणीस वर्षं. माझं नाव गेलं." तो अजिबात दचकला नाही. एसटी अखेर येताना दिसली की सावरावं तसा सावरून बसला. "कळला काय?" त्याने विचारलं. "कुनाला कळला? तुमाला?" मी म्हटलं, "एका मुलीला." "मंग बरोबर," तो म्हणाला. मी आवाज चढवला. विश्वासघात म्हटलं, विज्ञान म्हटलं, मी तुला कोण समजत होतो म्हटलं. सगुणा आतून घावणं घेऊन आली आणि माझं बोलणं संपेपर्यंत ताट धरून उभी राहिली, मग माझ्यापुढे ठेवलं. ताट पुढे असताना माणसाला ओरडता येत नाही.

"माष्टरांनी लायबरीत वाचली ती गोष्ट. मोठ्यानं," काशीराम म्हणाला. "मी पन व्हतो. मी पन हसलो, साहेब. चांगली लिवलीत. घरी येऊन तपकीर काडली तवा डब्याकडं बगितला नि कळला. दुसऱ्या दिवशी जेटीवर गेलो तर धा मानसं. काय गंगाराम, आज तिथी कंची? तिसऱ्या दिवशी गेलो. आमचा निलेश साळंत मारामारी करून आला, व्हट फुटलेला. इचारतो, बाबा, तुमी जेटीवर जात नाय? मी म्हटला, अरे, रयवारचा तू असतोस ना माज्यासंगती? तर म्हनतो, व्हय, पन छापलाय." तो थांबला. आकाशाकडे बघेल असं मला वाटलं, कारण गंगाराम बघतो; काशीराम माझ्याकडे बघत होता. "पोरगा डोळ्यानं बगतो, पन छापलाय त्येच्यावर इस्वास. मंग मी म्हटला, जाऊन कुनाला दाकवायचा? तरी मना वाटला, साहेब येतील. म्हयन्यात येतील, वही बगतील, त्येंना कळंल. तेंचाच हिसोब, तेंनीच लिवलेला. तेंना नाय तर कुनाला कळंल? वरडतील. मंग मी बोलीन." "काय बोलला असतास?" "आता काय ठाव. तवा ठाव व्हता." सगुणा म्हणाली, "दोन वरसां वाट बगितली. जीप वाजली की सदरा घालायचं." "मंग सवय झाली," काशीराम म्हणाला. "शेरे लिवले. म्हटला, हेच्यावर तरी येतील. तर पुस्तकात आले." त्याने तपकीर घेतली नाही, नुसतं डबडं बंद केलं. मी घावणं खाल्लं.

भिंतीवर कॅलेंडर होतं. काल चतुर्थी, आज चतुर्थी. मी घड्याळ पाहिलं, पावणेतीन, आणि म्हटलं, "जेटीवर येतोस?" तो चपला शोधू लागला. खांब अजून होता, रंग उडालेला, रेघा बोटाने चाचपून लागत होत्या. चतुर्थीला तीन. तीन वाजले तेव्हा पाणी चढत होतं, होड्यांचे दोर सैल होत होते, आणि माझा विराम माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता. "अजून अर्धा-पाऊन तास हाय," काशीराम म्हणाला. त्याने ना घड्याळ पाहिलं होतं ना कॅलेंडर; तो दोराकडे बघत होता. मी विचारलं, "तुला एवढं दिसतं, मग पंचांग कशाला लागायचं?" "मना कुटं लागायचा?" तो म्हणाला. "पंचांग तुमच्यासाटी. तुमाला माजा तेवढाच ठाव व्हता." खाडीवर ऊन पडलं होतं, पलीकडून फेरीबोट सुटली होती, आणि माझ्या सदऱ्याचं एकेक बटण कोणीतरी काढून घेतंय असं मला वाटत होतं. कधीतरी पाण्यावरचा एक पालापाचोळ्याचा पुंजका वर येता येता थांबला. ना आत, ना बाहेर. भरतीच्या टोकाला पाणी काही मिनिटं असं उभं राहतं. हा विराम रोजचा, सगळ्या जगात असतो आणि कोणाच्या नावाचा नसतो. मी पिशवीतली वही काढली, तारीख लिहिली, तीन एकेचाळीस लिहिलं, खांबावर वाकून रेघ मोजून लिहिली. शहाऐंशीनंतर ही माझी स्वतःची पहिली नोंद. मग सवयीने, खरंच सवयीने, पेन उजवीकडे नेऊन मी विचारलं, "शेरा?" काशीराम हसला. मी त्याला अडतीस वर्षं ओळखतो असं म्हणत आलो होतो आणि हे हसणं मी पाहिलं नव्हतं. "तो आता तुमचा तुमी लिवा, साहेब," तो म्हणाला आणि चढणीला लागला.

परतीच्या फेरीबोटीत मी पत्र काढलं. कठड्यावर कागद धरून 'निरीक्षकाच्या' हा शब्द खोडला आणि वर 'लेखकाच्या' लिहिलं. लेखकाच्या अप्रामाणिकपणामुळे. नॉर्वेतल्या प्राध्यापकांना वाटेल, शोधनिबंधाच्या लेखकाच्या. वाटू दे, तेही खोटं नाही. खाली संदर्भांची यादी लागते, त्यात ओहोटीकराची कथा, अंक आणि साल लिहिलं, कारण या पद्धतीचं सगळ्यात जुनं वर्णन तिथेच आहे. ओहोटीकराला वैज्ञानिक पत्रात जागा मिळण्याची ही पहिलीच वेळ. मग वही उघडली. सोमवारी अपूर्वाला पत्रासोबत ही नोंदही द्यायची होती, तीन एकेचाळीस, पंचांगापासून एकेचाळीस मिनिटं दूर, एवढा एक तरी खरा आकडा माझ्या हातचा. फक्त शेऱ्याचा रकाना रिकामा होता. धोपावं येईपर्यंत मी पेन उघडं धरून बसलो. सुचत नव्हतं असं नाही. तीन वाक्यं सुचली, चांगली होती, आणि तिन्ही काशीरामाची होती.